सुचेता बंद करावी

आमच्या सुचेताताईंचं नाव जगात एकाच ठिकाणी आहे, परातीवर. मीरा रोडच्या घरी दारावर यजमानांच्या नावाची पाटी, लाइटचं बिल अजून सासऱ्यांच्या नावाने. पण भाईंदर पूर्वेच्या आमच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी एकदा सुचवलं की परातीची कड जरा आत वळवा, पीठ ओट्यावर सांडणार नाही. धर्मेशशेठ इतके खूश झाले की त्यांनी त्या परातीचं नावच ‘सुचेता’ ठेवलं आणि कडेवर कोरून टाकलं. तेव्हापासून ताई बिलं बनवतानासुद्धा मान अशी ताठ ठेवतात, की शेजारच्या टेबलावर बसून माझी मान दुखते.

यंदा शेठनी ऑफिसात एआय आणलं. कोडिंगबिडिंग काही नको, साध्या भाषेत विचारायचं, ते मालाची सगळी माहिती चाळून उत्तर देतं. ताईंनी पहिल्याच दिवशी त्याचा ताबा घेतला. मराठी टायपिंग येत नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी ‘प्लीज हं’ जोडायच्या.

एका सकाळी शेठ म्हणाले, कोणता माल जास्त परत येतो ते विचारा, तो बंद करू. ताईंनी विचारलं. उत्तर आलं, ‘सर्वात जास्त परत येणारा माल: सुचेता. सुचेता जितक्या वेळा गेली, तितक्या वेळा परत आली. सुचेता बंद करावी.’

शेठनी ते मोठ्याने वाचलं. मी चहाचा कप तोंडाला लावून बसलो. हसताना दिसलो असतो तर ताईंनी मला कच्चं खाल्लं असतं.

“सुचेताबेन, धंदा आहे. क्या करें?” शेठ म्हणाले. “सोमवारपासून बंद.”

ताईंचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा मात्र मलाही वाईट वाटलं. मग पदर खोचून त्या एआयशी भांडायला बसल्या. ‘अरे बाबा, सुचेता परात म्हणजे परात!’ असं त्यांनी बडवलं, पुन्हा इंग्रजी अक्षरांतच.

‘बरोबर. सुचेता परत म्हणजे परत,’ ते शांतपणे म्हणालं.

इथे माझी ट्यूब पेटली. बिलात मालाचं नाव असतं ‘SUCHETA PARAT’. इंग्रजी अक्षरांत परात काय आणि परत काय, दोन्ही सारखंच. त्या शहाण्याने विकलेली प्रत्येक परात परत आलेली धरली होती.

“ताई, लिहू नका. माइक दाबा आणि बोला,” मी म्हणालो.

ताईंनी माइक दाबला आणि ओरडल्या, “पराऽऽऽत! पीठ मळायची पराऽऽऽत!” पॉलिशवाले मशिनं बंद करून धावत आले. त्यांना वाटलं, कोणाचा तरी हात अडकला.

एआयने माफी मागून पुन्हा हिशेब केला. परत आलेली परात, एक. इथल्याच केबिन रोडच्या दुकानातून. कारण: ‘गिऱ्हाइकाची बायको विचारते, ही सुचेता कोण?’

शेठनी कपाळाला हात लावला. “अरे, ये तो लफडा है! परात राहू दे, पण नाव काढून टाकू.”

“नाव निघणार नाही,” ताई म्हणाल्या. “मी जाते.”

त्यांनी ती परात पिशवीत घातली, साक्षीदार म्हणून मला घेतलं, दुकानदाराकडून पत्ता काढला आणि त्या घराची बेल दाबली. दार उघडलं ते हंसाबेननी, म्हणजे त्या रागावलेल्या बायकोनेच.

ताईंनी परात पुढे केली. “सुचेता मैं हूँ.”

हंसाबेननी आधी परातीवरचं नाव वाचलं. मग ताईंकडे पाहिलं. दोरीचा चष्मा, पिकलेला अंबाडा, डॉक्टरने सांगितलेल्या जाड चपला. आणि त्या अशा हसत सुटल्या की चौकटीला धरून उभं राहावं लागलं. परात काढून घेत त्यांनी आत हाक मारली, “अजी सुनो! माफ किया!” आम्हाला चहा मिळाला, वर ढोकळाही.

परात वाचली, नावही वाचलं. पण परतताना रिक्षात ताईंची ती ताठ मान खाली गेलेली. गोल्डन नेस्टचा चौक आला तरी वर होईना.

“ताई, आता काय झालं? जिंकलात की!”

“जिंकले हो,” त्या बाहेर बघत म्हणाल्या. “पण बाईने थोडा तरी संशय ठेवायचा होता.”