वन्संचे अकरा सेकंद

वन्सं, तुमच्या निवृत्तीच्या पुस्तिकेसाठी विद्यापीठवाल्यांनी माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेत. "घरचं माणूस म्हणून लिहा," म्हणाले. तर घरचं सांगते: मी तुमच्यावर जळत होते, अजून जळते. छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस. पस्तीस वर्षं तुटक्या तारांना डाग देण्यात गेली. बोटांवर चटक्यांचे पांढरे ठिपके, आणि सुराशी उभा दावा. लग्नाचं विचारलं की म्हणायचात, "वहिनी, एक शॉर्ट सर्किट तुमच्या घरी बघतेच आहे की." मी संगीतात बी.ए., शाळेत एकतीस वर्षं व्हायोलिन शिकवलेलं. घरात गाणंबजावणं म्हणजे मी, यात कुणाचं दुमत नव्हतं.

मग संगीत विभागाने तो लॅपटॉपचा वाद्यवृंद काढला. बारा मुलं, बारा लॅपटॉप, आणि ज्याचा आवाज त्याच्याच जागेवरून यावा म्हणून प्रत्येकाशेजारी उपड्या पातेल्यासारखा एक स्पीकर. ते स्पीकर घूं घूं करायला लागले म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही नीट केले. त्या दिवशी एक मुलगी आजारी होती. "फ्यूजताई, जरा बसा, नुसतं हे बटण फिरवा," मुलं म्हणाली. तुम्ही बसलात त्या बसलातच, तिची जागा तुमचीच झाली.

मी तालीम बघायला आले ती खरं तर हसायला. गाणं नाहीच. तुम्ही रेकॉर्ड करून आणलेला गळका नळ, लिफ्टचं दार, शिवणयंत्र. तेच ताणून, एकावर एक रचून वाजवत होतात. हसू काही येईना. मी त्या तिशीतल्या मास्तरला म्हटलं, मलाही एक लॅपटॉप द्या. त्याने एका मुलाला उठवून त्याचा दिला. मी आपली एक अख्खी चाल वाजवली, हरकतींसकट. बाकी अकराजण तिच्याखाली गडप.

मास्तर अदबीने म्हणाला, "बाई, हात फार तयार आहे तुमचा. पण इथं प्रत्येकाने एकच आवाज सांभाळायचा असतो."

माझं तोंड दिसू नये म्हणून तुम्ही लॅपटॉपमध्ये बघत राहिलात. ते जास्त झोंबलं.

घरी तर आणखीच. मी वाजवायला बसले की बेचाळीस वर्षं पेपर उघडणारे तुमचे दादा तुम्हाला रोज फोन करून विचारायला लागले, "आज काय वाजवलंस गं?"

नंतर एका दुपारी तुम्ही प्रयोगशाळेचा रेकॉर्डर घेऊन आलात. "वहिनी, एवढं काम करा. तुमच्या व्हायोलिनचा आवाज हवाय."

"कुठलं गाणं?"

"गाणं नको. आधी तारा जुळवता ना, तेवढंच. अकरा सेकंद पुरेत. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा भिंतीपलीकडून ते ऐकत मी अभ्यास करायचे."

"आणि गाणं?"

"ते सुरू झालं की झोप यायची."

खोटं बोलणं तुमच्या स्वभावातच नाही, हा एक मोठाच त्रास आहे. एकतीस वर्षांची विद्या, आणि बाईला हवी खुंट्या पिळण्याची कुरकुर.

रविवारी करते म्हटलं, तुम्ही रेकॉर्डर माझ्याकडे ठेवून गेलात. रविवारी डोकं दुखलं. पुढच्या रविवारी तार तुटली असं सांगितलं. तुटली नव्हती.

कार्यक्रमाला तुमचे दादा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, शेजारी मी. मध्येच सगळं थांबलं. बारा जणांचे हात मांडीवर. मोजायची मला सवय. बरोबर अकरा सेकंद. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, रागाने नाही. मग आवाज पुन्हा सुरू झाले.

परत येताना हे म्हणाले, "मधली ती शांतता काय ठेवली होती गं तिने. काटा आला अंगावर."

माझं न वाजवणंसुद्धा तुमच्याच नावावर जमा झालं.

तुम्ही पुन्हा मागितलं नाहीत. रेकॉर्डर परत द्या म्हणून प्रयोगशाळेतून दोनदा फोन आला, मी उचलून ठेवून दिला. परवा हे बाहेर गेल्यावर लाल बटण दाबलं. तारा जुळवल्या, चांगल्या जुळल्या. पण हात थांबेना, पुढे गाणंच वाजवत सुटले. सगळं पुसून टाकलं. रेकॉर्डर व्हायोलिनच्या पेटीतच आहे.