दुसरी वेलांटी संपली

"वसंतची वसंती कर. एका वेलांटीचं तर काम हाय," म्हणून भाऊसाहेबांनी प्रूफ माझ्यापुढं टाकलं आणि पानाला चुना लावायला बसले.

मी परभणीत एका छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ते काम. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांचे खिळे वेगळे. भाऊसाहेब मालक, आणि दिवाळी अंकाचे संपादकही तेच.

कथा होती मानवत गावच्या प्रकाशची. हा पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळणारा, रिवाइंडिंगवाला. कथेत साल दोन हजार पन्नास. नद्या आटल्यात आणि सरकारनं तालुक्याला 'जोडीदार खातं' उघडलंय. कॉम्प्युटर ठरवील त्याच्याशी लग्न करायचं, नाही केलं तर पाणी बंद. वसंत आणि माधव हे त्या खात्याचे पाइप दुरुस्त करणारे. दोघांचा एकमेकांवर जीव. ते मशीनच उलटं फिरवतात आणि शेवटी एका कार्डावर दोघांची नावं येतात. वसंत नळ सोडतो, पाणी येतं. वाचून मला लय बरं वाटलं होतं.

"दोन गडी एका कार्डावर? लोक प्रेस जाळतील," भाऊसाहेब म्हणाले.

"मग कथाच काढा."

"कशी काढू? कव्हरवर 'विज्ञानकथा' छापून बसलोय. नुसतं नाव तर बदलायचंय!"

आता बोला! तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला. 'नाव बदलून काय होतंय?' असा अग्रलेख ह्याच अंकात भाऊसाहेबांनी ठोकला होता. मीच जुळवला होता तो. एका नावापायी आमच्या वस्तीनं काय सोसलं ते मला ठाऊक, तरी जुळवला. पोटाला लागतं.

"नाव बदलून काय होतंय म्हणून तुमीच लिवलंय की," मी म्हटलं.

"ते येगळं," ते म्हणाले.

दुपारी प्रकाश प्रूफ बघायला आला. मी खरं काय ते सांगितलं. तो बाकड्यावर बसला.

"मामा, मार्गशीर्षात माझं लगीन लावायलेत. गोविंदाला अजून तोंडानं काही सांगितलं न्हाई मी."

गोविंद म्हणजे त्याच्या दुकानात शेजारी बसून तार गुंडाळणारा. पाच वर्षं दोघं एका डब्यात जेवत होते.

"दिवाळी अंक त्यो पहिल्या पानापासून वाचतोय. ह्ये वाचलं की समजंल त्याला. वसंतची वसंती झाली तर माझ्या वरातीत नाचंल येडं."

"तू घरी जा," मी एवढंच म्हटलं.

मग भाऊसाहेबांसमोर खिळ्यांची केस नेऊन ठेवली. केस म्हणजे खणाखणांचा लाकडी ट्रे.

"एका वेलांटीचं काम न्हाई ह्ये. वसंत उठला, हसला, रडला. बाई झाली की उठली, हसली, रडली. दर वेळी एक दुसरी वेलांटी. सहा पानांत पावणेदोनशे भरल्या."

"मग नाव सरोज ठेव. त्याला वेलांटीच न्हाई."

"अन् सरोज उठला म्हणू का?"

त्यांनी खणात बोट घातलं. पंधरा-वीस होत्या.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"उमेदवारांनी खाल्ल्या. श्री, माजी, भावी, निशाणी, विजयी. नगरपालिकेची सगळी पत्रकं जुळवून उभी हायेत. भावी नगराध्यक्षांचं पत्रक मोडलं तर लगेच शंभर मिळतील."

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. भावी नगराध्यक्ष त्यांचे साडू.

"दुसऱ्या प्रेसमधून आण उसन्या."

"त्यांच्याकडं बी निवडणूकच चालू हाय."

दोन दिवसांनी अंक मशीनवर चढवायचा होता. भाऊसाहेब पान थुंकून आले. म्हणाले, "असू दे तसंच. खाली टीप टाक."

त्यांनी सांगितली ती टीप अशी: 'ही कथा सन दोन हजार पन्नासमधली आहे. आपल्या जिल्ह्यात असं काही आढळत नाही.' चार दुसऱ्या वेलांट्या लागल्या. तेवढ्या होत्या.

अंक निघाला. प्रेस कुणी जाळली नाही. एकच तक्रार आली, राशिभविष्यात मकर रास राहिली म्हणून. साडू पडले. मार्गशीर्ष आला, गेला. प्रकाशच्या लग्नाची पत्रिका छापायला कुणी आलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास प्रकाश आला तो एका उंच माणसाला घेऊन. दुकानाचं कार्ड छापायचं होतं. भाऊसाहेबांनी स्वतः मजकूर लिहून घेतला: 'प्रकाश-गोविंद, मोटार दुरुस्ती.'

"भागीदारी का? झकास! एका कार्डावर दोन नावं शोभून दिसतात," भाऊसाहेब म्हणाले.

गोविंद खाली बघून हसला. प्रकाशचे डोळे भरून आले, माझेही. मी घाईनं केसकडं वळलो.

'दुरुस्ती'ला दुसरी वेलांटी लागते. मी वाकलो आणि केसखालची पुडी फोडली. दसऱ्याच्या आधी खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतून आलेली, दोन किलोची, नुसत्या दुसऱ्या वेलांटीची.

मालकाला छापखान्यातलं सगळं माहीत असतं, फक्त केसखाली काय ठेवलंय ते वाकल्याशिवाय दिसत नाही. आणि भाऊसाहेब कधी वाकले नाहीत.