बापाच्या खुणेची मेंढरं

नारीन नदीच्या वरच्या अंगाला सप्टेंबरातच ओढ्याच्या कडेला बर्फाची साय धरते. तिथं बूसारा लोकर मळून नमदे करायची आणि नमद्यांचे गालिचे शिवायची. हात असा, की एका गालिच्यावर दोन हिवाळे उलटले तरी टाका सैल पडायचा नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचा पहिला मोठा गालिचा विकला गेला. नवऱ्यानं, तुराटनं, पैसे काढून घेतले; तिनं परत मागितले तेव्हा दोन बरगड्या मोडल्या. तेव्हापासून ती नवऱ्याला निम्मीच किंमत सांगू लागली. उरलेल्या निम्म्याची मेंढी घ्यायची. ती घरच्या कळपात कधी घातली नाही. तिथं डाव्या कानाला दोन चिरा पडल्या, की जनावर तुराटचं. तिची मेंढी जायची माहेरी, धाकट्या भावाकडं. त्याच्या, केनेशबेकच्या, कळपात उजव्या कानाचं टोक दुभंगलेलं असे, पाकोळीच्या शेपटासारखं. बापाची खूण ती. बाप गेला, खूण मागं राहिली.

भाऊ थोरल्या बहिणीला एजे म्हणायचा. दर उन्हाळ्यात वरच्या कुरणावर गाठ पडली, की घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा तिच्या हाती देत हळूच सांगायचा, "एजे, तुझी सव्वीस झाली." पुढं तीस. मग एक्केचाळीस. मार खाताना ती हा आकडा मनात घोळवायची. जखमेवर दुसरं औषध नव्हतं.

भावाकडं मेंढरं ठेवायला लागल्याच्या अकराव्या वर्षी तुराटनं नऊ वर्षांच्या लेकीवर, बेगिमायवर, हात उचलला. कळप खाली उतरायचे दिवस होते. बूसारानं आपलं ओळखपत्र आणि लेकीचा जन्मदाखला अंगरख्याच्या अस्तरात शिवला, आणि तुराट बाजाराला गेला त्या सकाळी लेकीला घेऊन दुधाच्या गाडीत बसली.

माहेरी भावानं मेंढी कापली, गावाला जेवू घातलं. तिला भरून आलं. ही मेंढी कोणाची, हे तिनं विचारलं नाही.

आठव्या दिवशी ती म्हणाली, लेकीची शाळा आहे, जिल्ह्याच्या गावी खोली बघते, माझी मेंढरं वेगळी कर. भाऊ चुलीत लाकडं सारू लागला. बोलली त्याची बायको, जामाल. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात रीतीप्रमाणे मुलीकडच्यांना तुझ्यातली तीस द्यावी लागली, म्हणाली. आणि अकरा वर्षांचा चारा, मीठ, राखण काय आभाळातून पडलं? वर हसून म्हणाली, "आणि आत्ता आठ दिवस फुकट जेवलात ते वेगळंच."

बूसारा भावाला म्हणाली, "आकडा तूच सांगत होतास ना?"

"तुझा जीव रमावा म्हणून सांगत होतो, एजे," तो म्हणाला. "घरचंच होतं. तू परत येशील असं कुणाला वाटलं होतं?"

गोष्ट गावच्या चार म्हाताऱ्यांपुढं गेली. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, चहा घेतला, दाढ्या कुरवाळल्या. साक्षीदार कोण, विचारलं. साक्षीदार एकच, तो भाऊ. कागद? कागद नव्हता. त्यांतला सगळ्यांत थोरला ऐसारी म्हणाला, "लेकी, कान बोलतो ते खरं. कानावर केनेशबेकचं घर आहे. तरी भाऊ आहे, नऊ देईल. आणि माझं ऐकशील तर नवऱ्याकडं जा. तिथं तुझी चूल आहे."

नऊ मेंढ्या अंगणात आणल्या. त्यांतल्या दोन म्हाताऱ्या, एक लंगडी. बूसारानं जामालच्या हातातून लोकर कातरायची कातर घेतली, पहिल्या मेंढीला गुडघ्याखाली दाबलं आणि दुभंगलेलं टोक सरळ कापून टाकलं. मग दुसरीचं. मेंढ्या ओरडत होत्या, रक्त तिच्या मनगटावरून बाहीत उतरत होतं. गाव कुंपणावर वाकून बघत होतं. बाईनं स्वतःची खूण केलेली तिथं कोणी पाहिली नव्हती.

ऐसारी उठला. "बापाची खूण कापलीस?"

"बापाची असती तर तिनं मला ओळखलं असतं, आजोबा," ती म्हणाली आणि तिसरीचा कान धरला.

तीन मेंढ्या विकून खोलीचं भाडं भरलं. बाजार पडलेला होता, भाव मिळाला नाही. सहा राहिल्या, त्या हिवाळ्यापुरत्या तिनं सुयून नावाच्या परक्या मेंढपाळाकडं ठेवल्या. शाळेतल्या मास्तरणीकडून कागद लिहून घेतला: सहा मेंढ्या, उजवा कान आखूड, पिल्लं मालकिणीची, राखणीचं अमुक. खाली दोन सह्यांची जागा रिकामी.

सुयूनला राग आला. म्हणाला, "आमच्या सात पिढ्यांत असला कागद झाला नाही, बाई. आमच्यात शब्द असतो."

"शब्द भावाकडं ठेवला होता," बूसारा म्हणाली. "अकरा वर्षं."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, टोपी मागं सारली आणि पेन मागितलं.