माळावरचं कासव, विहिरीत

गेल्या उन्हाळ्यात आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या शेतात माळावरचं एक चांदणी कासव विहिरीत सोडण्यात आलं. सोडणारा माझा चुलत भाऊ.

हळद लावायची म्हणून त्यानं माळ सपाट करायला जेसीबी आणला होता. निवडुंगाची जाळी उपटली, तेव्हा खालून कासव निघालं. आमच्याकडे कासव सापडलं की हळदकुंकू लावून विहिरीत सोडतात; पाणी चांगलं राहतं म्हणतात. पाण्यातल्या कासवाचं त्यात काही बिघडत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं हे कासव जमिनीवरचं. गवत, काटेरी झुडपं, मुरमाड उतार, एवढ्यातच त्याचं आयुष्य जातं. त्याला पोहता येत नाही. काकूंनी कुंकू लावलं, भावानं व्हिडिओ काढला आणि हौसेनं मला हिंगोलीला पाठवला; तिथं मी एका पेपरात काम करतो.

मी फोन करून ते ताबडतोब बाहेर काढायला सांगितलं.

"कासव हाय ते, दादा. बुडंल काहून?"

वर विचारलं, पेपरवाल्यांना आता कासवाची बी बातमी लागती व्हय? मी आवाज चढवला. जेसीबी चालू आहे, नंतर बघतो, म्हणून त्यानं फोन ठेवला.

वडील आता माझ्याकडे हिंगोलीला राहतात; त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि कासव ओळखलं. त्याच्या कवचाच्या डाव्या कडेला टवका होता. वडील पोरवयात नांगर धरायला शिकत होते तेव्हा त्यांच्याच फाळानं तो उडाला होता. तेव्हापासून दर पावसाळ्यात ते बांधावरच्या गवतात त्याला शोधायचे. ते मोटारसायकलवर माझ्या मागं बसले.

विहीर बांधीव, पायऱ्या नसलेली. पाण्यावर काही दिसत नव्हतं. बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून ती खाली सोडली, बुडवली, पुन्हा ओढली. रिकामी आली. भाऊ म्हणाला, आम्ही तर पुण्याचंच काम केलं. माळावर जेसीबी जाळीचा खड्डा बुजवत होता.

वडील त्याला म्हणाले, "माझा जनम गेला ह्या माळावर. मी त्याला कधी पाण्यात पाह्यलं का? मला इचारायची एवढी तकलीफ होती तुला?"

 भावानं जेसीबी थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार लावून विहीर उपसली. कासव तळाच्या गाळात मिळालं, मेलेलं. डाव्या कडेला टवका होता.