काचेवरची टिकली

आमच्या प्रयोगशाळेची खिडकी उघडत नाही, एसीसाठी ती कायमची बंद केली आहे. बाहेर बहावा आहे. अकरा वर्षं मी तो काचेतूनच पाहतोय. घरचे विचारतात, "तिथं तुला कमी काय आहे?" मला सांगता येत नाही.

आज नवा कॅमेरा त्या झाडावर रोखला. याच्या पोटात हजारो बारीक भिंगं असतात आणि प्रत्येक भिंग तेच दृश्य किंचित वेगळ्या जागेवरून पाहतं. त्या फरकावरून तो अंतर ओळखतो. जवळचं लाल दाखवतो, लांबचं निळं. पडद्यावर बहावा निळा उमटला. त्याच्या आणि माझ्या मध्ये पडद्यावर काहीच नव्हतं. स्वच्छ काच कॅमेऱ्याला दिसतच नाही म्हणे.

मला रागच आला. इतके डोळे असून याचंही घरच्यांसारखंच!

"थांबा सर," माझी सहकारी वैदेही म्हणाली. तिनं कपाळावरची टिकली काढली आणि आरशाला लावावी तशी काचेला लावली. पडद्यावर झाडाच्या कितीतरी अलीकडे एक लाल ठिपका हवेत लटकला.

काम संपल्यावर वैदेही टिकली काढायला गेली.

"राहू दे," मी म्हणालो. "भिंत कुठे आहे ते तरी दिसतंय."