जिथे कोणी बिमार नाही असे गाव

ओसाड घरात पाऊल टाकण्याआधी सिस्टर उंबरठ्याबाहेर थांबून हाक मारत. "घरी कोणी हाये का जी?" छप्पर कोसळलेले असे, भिंतीतून पळस उगवलेला असे, दाराची चौकटसुद्धा कोणी उचलून नेलेली असे. तरी सिस्टर हाक मारत, जरा वेळ थांबत आणि मगच आत जात. पहिल्यांदा मी हसलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सारी नोकरी लोकायच्या घरात जाण्यात गेली माझी, मास्तर. विचारल्याबिगर एकाही घरात गेली नाई. आता काऊन जाऊ?"

गडचांदूरला मी त्यांच्या घरी भाडेकरू होतो. जिवतीच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर माझी नेमणूक झाली होती आणि मी नाशिककडचा असल्यामुळे रविवार मला खायला उठत असे. सिस्टर नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा सिमेंटच्या कारखान्यात होता, तो वारलेला. मुलगी नागपुरात बँकेत. त्यांचे खरे नाव फक्त मुलीच्या सासरी घेतले जाई. बाकी भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, नऊवारी नव्हे पण नऊवारीसारखी खोचलेली साडी, वर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की त्या माझ्या खोलीचे दार वाजवत. "मास्तर, गाडीत पेट्रोल हाये ना?"

मग आम्ही डोंगरात जायचो. या भागात सोडून दिलेल्या जागा पुष्कळ. कुठे झरा आटला म्हणून कोलामांचा गुडा, म्हणजे त्यांची चार-सहा घरांची वस्ती, खाली सरकलेली; कुठे रस्ता दुसऱ्या अंगाने झाला म्हणून गाव त्याच्यामागे गेलेले. आणि एका डोंगराच्या पोटात एक बोगदा होता. निजामाच्या काळात सागवान उतरवायला तिथून छोटी रेल्वे जात असे, असे लोक सांगत. रूळ कधीच भंगारात गेले होते. कमान तेवढी शाबूत होती, काळ्या दगडाची, वरून वेली लोंबणारी.

असल्या जागांची आवड कशी लागली, असे मी एकदा विचारले. त्या मुरमुरे खात होत्या. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "मी कोणत्याही गावात गेली की पोरं पयत येत, सिस्टर आली, सिस्टर आली. मंग कोणाले ताप, कोणाचे दिवस भरले, कोणाची जखम. गाव कसं हाये ते मले कधी दिसलंच नाई. म्हनलं, रिटायर झाल्यावर जिथं कोणी बिमार नाई असं गाव पाहाचं."

पण नजर नर्सचीच राहिली. पडक्या घरात मी कोरलेला खांब बघत बसे, त्या चूल शोधत. "पाहा, चूल कोपऱ्यात, धूर जाले जागा नाई. या घरची बाई खोकतच असन." भिंतीत रोवलेला खुंटा पाहून म्हणत, "इथी झोळी बांधली होती. लेकरू जगलं असन, खुंटा गुळगुळीत हाये." तिथून त्या काहीही उचलत नसत, मडक्याचा तुकडासुद्धा नाही. मला खर्रा, म्हणजे इकडची घोटलेली तंबाखू-सुपारी, खायची सवय लागली होती. एका अंगणात मी थुंकायला वळलो तर माझा दंडच धरला. "बाहेर जाऊन थुंका. माणसं गेली म्हनून काय अंगण गेलं का?"

बोगद्याचे नियम वेगळे होते. तोंडाशी आधी बसायचे, वास घ्यायचा. अस्वल आत असले तर वास येतो, असे त्या म्हणत. मग टाळ्या वाजवायच्या, दोन-तीन दगड आत फेकायचे. आतून फक्त वटवाघळे फडफडली तर आत शिरायचे. बोगदा मध्ये वळतो, त्यामुळे काही अंतर असे होते की मागचे तोंडही दिसत नाही आणि पुढचेही. तिथे सिस्टर न चुकता बोलायला लागत. काहीही. वांग्याचा भाव, मुलीच्या सासूचे गुडघे. पुढचा उजेड दिसला की गप्प. तिथूनच आम्ही मागे फिरायचो.

एका हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदाच बोगद्यातून पार पलीकडे गेलो. पलीकडे उतारावर एक जुना गुडा होता. चार घरे. तीन बसलेली, चौथ्यावर अजून कवेलू, म्हणजे कौले, होती. सिस्टरनी नेहमीसारखी हाक मारली, "घरी कोणी हाये का जी?"

आतून आवाज आला, "हाये."

माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. सिस्टर मात्र एकदम वेगळ्याच झाल्या. चष्मा वर सरकवला, पदर खोचला आणि वाकून आत गेल्या. आत जमिनीवर गोणपाटावर एक म्हातारा पडला होता. भीमा त्याचे नाव. डाव्या पायाला फडके गुंडाळलेले, त्यावर माश्या. सिस्टरनी फडके सोडले. अंगठ्याजवळची बोटे काळी पडली होती आणि जखमेत अळ्या होत्या. त्या वासाने मी दारात आलो.

"मास्तर," आतून त्यांचा आवाज आला, "काड्या गोळा करा. पाणी उकळाले ठेवा. पाहा, इथी बी सापडलाच एक बिमार."

जखम धुता धुता त्यांनी सगळे काढून घेतले. मुलगा खालच्या नव्या वस्तीत राहत होता. त्याला वाटत होते बाप सीमेपलीकडे तेलंगणात लेकीकडे आहे, आणि लेकीला वाटत होते तो मुलाकडे आहे. म्हातारा मधल्यामध्ये उतरून आपल्या जुन्या घरी आला होता. बायकोला इथेच मागच्या शेतात पुरले होते. तांदूळ होते, पलीकडच्या ओढ्यात थोडे पाणी होते.

"दवाखान्यात चला, बाबा," सिस्टर म्हणाल्या.

"नाई येत."

"पाय जाईन."

"जाऊ दे. बाई, ते तीन घरं पाह्यले ना तुमी? माणूस गेला आन् एका बरसातीत बसले. मी गेलो तं हे बी बसन. बुढी एकटी राहीन मंग इथी."

वाद घालण्यात सिस्टरचा हातखंडा होता. रेशन दुकानदाराशी, एस.टी.च्या कंडक्टरशी, माझ्या हेडमास्तरांशी त्यांना वाद घालताना मी पाहिले होते. इथे त्यांनी वाद घातला नाही. पट्टी बांधली, गोळ्या दिल्या आणि आम्ही परत फिरलो. बोगद्याच्या अंधाऱ्या वळणावरही त्या बोलल्या नाहीत.

मुलाला निरोप दिला. तो धावत गेला, बापाच्या पाया पडला, रडला. म्हातारा हलला नाही. सिस्टर एक दिवसाआड पट्टी करायला जात आणि शाळा सुटल्यावर मी त्यांना घेऊन येई. पण ताप उतरेना, काळेपणा वर सरकायला लागला. शेवटी एका दुपारी त्या म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसल्या. मुलगा, सून आणि मी दारात उभे होतो.

"बाबा, घरात माणूस पाह्यजे, एवढंच ना तुमचं?"

"हो."

"मंग मी राहातो इथी. चूल पेटवतो, झाडतो, दिवा लावतो. तुमी जाऊन या."

म्हातारा कोपरावर रेलून उठला. "तुमी? तुमाले घर नाई का?"

"हाये. सिमेंटचं हाये, नाई बसत."

म्हातारा हसला. त्याला दात दोनच होते. तेवढ्याने घर टिकेल हे त्यालाही पटले असेल असे मला वाटत नाही. पण एक बाई आपल्या घरासाठी जमिनीवर झोपायला तयार आहे, हे पाहिल्यावर त्याला नाही म्हणता येईना. बाजेला बांबू बांधून वस्तीतल्या चौघांनी त्याला बोगद्यातून पलीकडे आणले. मी पुढे टॉर्च धरून होतो. पलीकडे गाडी उभी होती. तिथून त्याला चंद्रपूरला नेले.

सिस्टर मागे राहिल्या. सून हट्टाने सोबतीला राहिली. त्या भागात वाघाचा वावर नव्हता असे कोणी म्हणणार नाही, आणि दाराला कडी नव्हती. बायांनी आतून अडसरासारखे लाकूड लावले. मी नागपूरला त्यांच्या मुलीला फोन करून खरे ते सांगितले. मग ती म्हणाली, "तुमचं ऐकणार नाही ती. माझंही ऐकत नाही. फक्त बीपीची गोळी घेते की नाही तेवढं बघा."

तांदूळ, डाळ, गोळ्या घेऊन मला एकट्याने बोगदा पार करावा लागे. मला भीती वाटते हे सिस्टरना न सांगताच कळले. "मास्तर, पाढे म्हना जोरानं. अस्वलाले माहीत पडलं पाह्यजे का कोणी येऊन राह्यलं." मी खरोखर पाढे म्हणत जायचो. बोगद्यात एकोणतीसचा पाढा फार भारदस्त वाटतो. एकदा मध्येच अडखळलो तर पलीकडच्या तोंडातून सिस्टरचा आवाज आला, "दोनशे बत्तीस!" त्या ओढ्यावरून पाणी घेऊन येत होत्या.

त्या तिथे सुखात होत्या असे मात्र मी म्हणणार नाही. पाठ दुखत होती. डासांनी फोडून काढले होते. "रेंज नाई, बातम्या नाई, चहात दूध नाई. लोक कसे राहात होते कोण जाणे," अशी कुरकुर रोज चाले. पण अंगण सारवलेले होते, सरकलेली कवेलू सुनेच्या मदतीने नीट बसवली होती आणि मागच्या शेतातल्या त्या थडग्यावरचे गवत काढलेले होते. चुलीची दिशा त्यांनी बदलली होती, दाराकडे, धूर बाहेर जावा म्हणून.

म्हाताऱ्याला परतायला जवळजवळ पंधरवडा लागला. दोन बोटे गेली, पाय वाचला. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो आला, घराभोवती एक फेरी मारली, भिंतीला हात लावून पाहिला. मग आत गेला. आम्ही सगळे तो काय म्हणतो याची वाट बघत होतो.

"चुलीचं तोंड काऊन फिरवलं?" आतून आवाज आला.

"खोकला जाईन तुमचा!"

"माह्या बुढीनं मांडली होती ते."

आम्ही निघायच्या आधी सिस्टरनी स्वतःच दगड उचलून चूल होती तशी मांडून दिली. म्हातारा बाजूला बसून कोणता दगड कुठे ते सांगत होता.

पुढे तडजोड झाली. पावसाळ्याचे महिने तो मुलाकडे खाली राहायचा, पाऊस सरला की वर. साखरेचा रोग, पायाला संवेदना नाही. जखमा होतच राहिल्या. सिस्टर पट्टी करायला जात राहिल्या. इतर ओसाड जागा मागे पडल्या. एखाद्या रविवारी मी दुसऱ्या डोंगराचे नाव काढले तर म्हणत, "जाऊ ना. आधी बुढ्याची पट्टी करून घेऊ." पट्टी झाल्यावर ते दोघे गप्पा मारत बसत आणि दिवस मावळायला येई. दोघांची भांडणेही होत. तो चोरून गूळ खायचा.

असे दोन पावसाळे गेले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. सकाळी अंगणात पाणी मारताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेजारी आणि मी मिळून दवाखान्यात नेले, पण उपयोग नव्हता. मुलगी आली. विहारातली माणसे आली, आणि डोंगरातून इतकी माणसे आली की गल्लीत उभे राहायला जागा नव्हती. त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्म त्यांच्या हातावर झालेला होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेल्यावर, मंडप निघाल्यावर, एका दुपारी भीमा आला. मुलाने गाडीवर बसवून आणले होते. मी गडचांदूरला असल्यापासून तो दवाखाना सोडून खाली शहरात कधी आला नव्हता. व्हरांड्यात खुर्ची दिली तर नको म्हणाला, पायरीवर बसला. मुलीने पाणी दिले. ते प्यायला, भिंतीवरच्या सिस्टरच्या फोटोकडे थोडा वेळ बघितले. मग डावा पाय पुढे केला. पट्टी मळून काळी झाली होती आणि एका बाजूने सुटली होती. ती सिस्टरनीच शेवटची बांधलेली होती.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी आत जाऊन लोखंडी कपाट उघडले. कापूस, पट्ट्या, कात्री, सगळे जागच्या जागी होते. पातेल्यात पाणी उकळले, हात धुतले आणि पातेले घेऊन बाहेर आलो.

भीमाने पातेल्यावर हात धरून पाहिला. "लय गरम हाये, मास्तर. बाई आधी थंडं होऊ देत होत्या."

मी पातेले खाली ठेवले, पाणी निवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिलो, आणि मग त्याचा पाय मांडीवर घेतला.