निम्मी वळचण

माझा नवरा आणि माझे थोरले दीर अंगणावरच्या पत्र्यावरून नऊ दिवस भांडले. पत्रा गोल करायचा की सपाट, एवढाच मुद्दा. दोन सालं गावात धड पाऊस नव्हता, टँकर दिवसाआड यायचा, हापसा हाणून हाणून हाताला फोड यायचे, आणि हे दोघे भाऊ न पडलेल्या पावसाची वाटणी करीत बसलेले. बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी, ही म्हण मी माहेरी ऐकली होती. सासरी ती डोळ्यांनी बघितली.

घाई माझी होती. गावात बायकांची दूध संस्था नवीनच निघाली होती. तोवर धार बायकांनी काढायची आणि डेअरीवर किटली घेऊन गड्यांनी मिरवायचं, अशी रीत. संस्थेच्या बैठकीत सचिव कुणाला करायचं म्हटल्यावर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. तेव्हा माझी थोरली जाऊ उभी राहिली. तिला मी आक्का म्हणते. ती म्हणाली, "माझ्या जावंला करा. बारावी शिकल्याली हाय अन् नुसती भाकरी थापायलीय." झालं, मला सचिव केलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि सासरच्या कुणी माझ्या शिक्षणाचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं. घरी येऊन चुलीपुढं बसले आणि एकटीच हसत सुटले, खरं सांगते.

पण दूध घ्यायला सावली लागते. उन्हात कॅन तापले की दूध नासतं. तालुक्याच्या दूध संघाचा माणूस सोमवारी जागा बघायला येणार होता. आमच्या अंगणावर तोवर पत्रा नसला तर संकलन वरच्या आळीला जाणार होतं. तिथं एकीच्या दारापुढं आयता स्लॅब होता. जिच्या दारात कॅन, तीच सचिव, हे न बोलता ठरलेलं. म्हणजे पत्रा झाला तर मी सचिव, नाही तर पुन्हा भाकरी.

चौसाळ्याहून वेल्डर आला, टेपनं माप घेतलं, नि म्हणाला, "दोन तऱ्हा हायेत. गोल केला तर वारं धरत न्हाई, गरमी वर निघून जाती, खाली बसल्यालं माणूस उकडून निघत न्हाई. पण त्याचा एक पाय ह्या मधल्या भिंतीवर ठेवावा लागंल. सपाट केला तर चार पाईप, झटक्यात काम. वरी कडबाबी रचता येतो. तापंल मात्र लई."

मधली भिंत सामाईक. वाटणी झाल्यावर दोघा भावांनी अंगणाच्या मधोमध ती घातली होती. पलीकडं, भिंतीला लागूनच, दिरांचा हौद. तो कोरडा पडून सालभर झालं होतं.

आमच्याकडं एरवी वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडलं तर डोकी फुटतात. तुझं पाणी माझ्या दारात कावून म्हणून माणसं कोर्टात गेलेली मी बघितलीत. दुष्काळानं सगळं उलटं केलं. दीर म्हणाले, "भिंत निम्मी माझी. पाय ठिवायचा तर गोलच करा, मंजे निम्मी वळचण माझ्याकडं पडंल. माझा हौद हाय हिकडं."

आमचे हे म्हणाले, "पत्रा माझा, पाईप माझे, अन् पाणी तुला कावून? सपाटच करीन, अन् भिंतीला धरूनच करीन."

"मग माझ्या भिंतीला हात लावू नको."

"भिंत काय एकट्याची हाय का बे तुजी?"

थोरल्या भावाला बे! आक्का दारातून आत गेली. मीही गेले. आत जाऊन करायचं काय? कणिक मळत बसले, नि कणकेवरच राग काढला.

नऊ दिवस हेच. सकाळी चहाला दीर भिंतीपाशी येणार, हे अंगणात उभे राहणार, आणि गोल, सपाट, गोल, सपाट. वेल्डर दोनदा येऊन परत गेला. दुसऱ्यांदा जाताना म्हणाला, "वहिनी, गोल पत्रा बीडहून वाकवून आणावा लागतो, तीन दिवस पायजेत. आता सोमवारपत्तर व्हायचं न्हाई." त्या दिवशी शुक्रवार होता.

वरच्या आळीची ती बाई त्याच दिवशी दुकानात मला म्हणाली होती, "झाला का गं मांडव? न्हाई तर माझ्याकडं स्लॅब हाय म्हनलं." आणि वर खुदकन हसली. त्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं.

थोरल्या दिरापुढं आम्ही बोलत नाही. पदर घ्यायचा, आणि काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं: "म्हणावं, चहा झालाय." सहा वर्षांत मी त्यांच्याशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. शनिवारी सकाळी दोघांचं पुन्हा सुरू झालं. दीर नारायणगडाकडं हात करून म्हणाले, "गडाची आण घिऊन सांगतो, सपाट केला तर माझ्या भिंतीला खिळा ठोकू देनार न्हाई." तशी मी बाहेर आले. हाताला पीठ तसंच.

"दादा," मी म्हणाले, "तुमची भिंत तुमच्यापाशी ठेवा. आमाला न्हाई लागत. चार पाईप आमच्या जागेत रोवू, सपाट करू. अन् पाण्याचं काय घिऊन बसलात? दोन सालं थेंब न्हाई. पाऊस पडल्यावर बघू!"

दीर माझ्याकडं बघतच राहिले. हेसुद्धा. भिंतीपलीकडं आक्का उभी होती. तिच्या डोक्यावर टँकरच्या पाण्याची घागर होती, आणि ती खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. मग दीर आत गेले.

मला वाटलं, जिंकलं. देवाशपथ, मला तेव्हा लई बरं वाटलं.

रविवारी पत्रा चढला. उतार गल्लीकडं दिला, खाली दोन ड्रम ठेवले, वर कडबा रचला. सोमवारी संघाच्या माणसानं मान वर करून बघितलं, ठीक आहे म्हणाला, आणि संध्याकाळी कॅन माझ्या अंगणात आले. पहिली किटली आक्काची. माझ्याशी बोलली नाही, पण पहिला नंबर तिनं सोडला नाही. वेल्डर म्हणाला होता तसा पत्रा तापायचा, दुपारी खाली बसलं की मेंदू शिजायचा. मी तक्रार करणार कुणाकडं?

पाऊस आला तो भादवा सरताना. संध्याकाळचं दूध चालू होतं, वीस-बावीस बाया पत्र्याखाली ओळीनं उभ्या. आधी वारं सुटलं, वरचा कडबा गल्लीभर उडाला. मग असा धो धो कोसळला की बोललेलं ऐकू येईना. बाया हसायला लागल्या, कुणी म्हणाली, आगं माय, आला गं आला. पत्र्याचं पाणी ड्रममध्ये पडायला लागलं. दोन्ही ड्रम बघता बघता भरले. मग वरून वाहायला लागले, आणि ते सगळं पाणी नालीत. ती नाली आमच्या दारापुढून दिरांच्या दारापुढं जाते, तिथून ओढ्याला. भिंतीपलीकडं हौद दोन हातांवर, आणि त्यात जाईल ते आभाळातून पडेल तेवढंच. नऊ दिवस ज्या पाण्यासाठी भांडलो ते ठेवायला आमच्याकडं भांडंच नव्हतं. भांडताना ते एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, बारावी शिकलेल्या बाईच्या.

हसणं हळूहळू थांबलं. सगळ्या बाया नालीकडं बघत होत्या. ओळीत सगळ्यात पुढं आक्का होती, तीही तिकडंच बघत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आक्का," मी ओरडले, "हंडे आणा, कळशा आणा, जे आसंल ते आणा!"

"आधी दूध घे माजं," ती म्हणाली.

मी दूध घेतलं. तिनं किटली पावसात खंगाळली, पत्र्याच्या कडेखाली धरली, काठोकाठ भरली. दोन लिटरची किटली. झाकण लावलं आणि म्हणाली, "बास एवढं. बाकीचं तुजं हाय." आणि भिजत घरी गेली. पुढचीनं किटली पुढं केली.

पाऊस पुन्हा आला नाही. पंधरा दिवसांनी दिरांची गाय साखर कारखान्यानं उघडलेल्या जनावरांच्या छावणीत गेली. चारा होता त्यांच्याकडं थोडाफार, पाजायला पाणी नव्हतं. गायीमागं आक्काही दोन महिने तिकडंच राहिली. संकलनाला आता दुसऱ्याच कुणाची किटली पहिली यायची, आणि रोज संध्याकाळी मी त्या किटलीकडं न बघता कॅनमध्येच बघत राहायचे.

पुढं दोन वर्षांनी पत्रा मी बदलायला लावला. हे कुरकुरले, मी ऐकलं नाही. बीडहून गोल पत्रा वाकवून आणला. एक पाय भिंतीवर ठेवायचा म्हणून दिरांना विचारायला मी स्वतः गेले, पदर घेऊन, सरळ त्यांच्याशीच बोलले. ते म्हणाले, "ठिवा की." आता पाऊस झाला की निम्मी वळचण त्यांच्याकडं पडते, बरोबर हौदावर.

पण हौदावर शहाबादी फरशी झाकलेली आहे. आक्कानं छावणीतून आल्यावर झाकली, ती काढलीच नाही. पाणी फरशीवर आपटतं आणि अंगणातून वाहून जातं. मी भिंतीवरून कितीदा म्हणाले, "आक्का, फरशी सरकवा की."

"सरकवीन," ती म्हणते, "घाई काय हाय?"

गोल पत्र्याला हे तिसरं साल.